आयपॉडचे झाकण आणि कलाशाखा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हातात स्क्रूड्रायव्हर धरू नये, असा शिवाजी विद्यापीठाचा काही नियम नाही. तरीही आपण तो निमूटपणे पाळत आलो आहोत. वर्गातला पंखा अडला की आपण शिपाईमामांना हाक मारतो, गॅदरिंगमध्ये माइक कुरकुरला की सायन्सच्या मुलांकडे आशेने पाहतो आणि स्वतः मात्र 'यंत्रयुगातील माणसाचे एकाकीपण' या विषयावर दहा गुणांचे उत्तर लिहून मोकळे होतो. या वर्षी शिवाजी पेठेतल्या आम्ही चार-पाच जणांनी हा अलिखित नियम मोडला. जुने आयपॉड मिळवले, ते उघडले, आतली निकामी हार्डडिस्क काढली आणि हाताने नवी मेमरी बसवली. यावर कॅन्टीनमध्ये आणि स्टाफरूममध्येही बरीच चर्चा झाली असे कळते. तिला उत्तर म्हणून हा लेख आहे. चर्चा करणाऱ्यांत आमचे दोन प्राध्यापक होते, म्हणून उत्तर जरा जपून देत आहे.

ज्यांनी आयपॉड पाहिलेलाच नाही (आणि आपल्या वर्गात तेच बहुसंख्य आहेत) त्यांच्यासाठी थोडी माहिती. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २००१ मध्ये हा गाण्यांचा डबा जाहीर केला. आकार पत्त्यांच्या जोडाएवढा, आत तोशिबाची १.८ इंची हार्डडिस्क, तिच्यात जागा ५ जीबी. पुढे ही जागा वाढत वाढत २००५ साली ६० आणि २००७ साली १६० जीबीपर्यंत गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये हार्डडिस्कचा शेवटचा आयपॉड विक्रीतून निघाला आणि मे २०२२ मध्ये कंपनीने आयपॉड हे प्रकरणच आवरते घेतले. त्यामुळे आता जो हाती येतो तो जुन्या बाजारातला, नाहीतर पुण्याला नोकरीस असलेल्या कुणाच्या दादाने कपाटात टाकून दिलेला. या सगळ्यांचे दुखणे बहुधा एकच असते. आतली चकती मिनिटाला ४,२०० फेरे घेते. वर्षानुवर्षे फिरून एक दिवस ती टकटक करू लागते आणि थांबते. बाकीचे यंत्र ठणठणीत असते. म्हणजे माणूस धडधाकट, फक्त आठवण गेली! अशा माणसाला आपण घराबाहेर काढत नाही. यंत्राला मात्र लगेच भंगारात देतो.

आता उघडण्याची रीत सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे पोकळ वाटेल. आयपॉडला बाहेरून एकही स्क्रू नाही. पुढची बाजू आणि चकचकीत पाठ आतल्या बारीक खाचांनी एकमेकींत अडकवलेली असते. गिटार छेडायची प्लॅस्टिकची पातळ चकती कडेच्या फटीत सरकवायची आणि एकेक खाच सोडवत फिरायचे. 'टक्' असा आवाज येतो तेव्हा पोटात गोळा येतो. पण तो खाच सुटल्याचा आवाज आहे, काही मोडल्याचा नव्हे, हे दोन-तीनदा ऐकल्यावर कानाला कळते. २००५ सालच्या यंत्राचा पुढचा भाग प्लॅस्टिकचा असल्यामुळे ते त्यातल्या त्यात सोपे. नंतरच्या 'क्लासिक'ची पुढची बाजू धातूची, ती फार रडवते. पाठ सुटली म्हणून ती एकदम उपटायची नाही. एक बॅटरीची आणि एक हेडफोनच्या जागेची, अशा दोन नाजूक पट्ट्या पाठीपासून पुढच्या भागाकडे गेलेल्या असतात. त्यांच्या टोकाशी मुंगीएवढी खिट्टी असते. ती नखाने उचलली की पट्टी आपसूक सुटते; न उचलता ओढली की सगळा कारभार आटोपला. मग रबरी कडांत बसवलेली हार्डडिस्क वर काढायची, तिचीही पट्टी सोडवायची आणि तिच्या जागी एक छोटा बोर्ड जोडायचा. या बोर्डात मोबाइलमध्ये घालतो तसले कार्ड बसते आणि यंत्राला वाटते की आपली जुनी हार्डडिस्कच बोलत आहे. संगणकाला जोडून मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरले की पडद्यावर उजेड येतो. हार्डडिस्क गेल्याने आत बरीच जागा उरते. तीत आधीपेक्षा मोठी बॅटरी मावते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. बाजारात खोट्या कार्डांचा सुळसुळाट आहे. वर २५६चा शिक्का असतो, यंत्रही २५६ दाखवते, आणि ३२ जीबी भरून झाले की पुढची गाणी हवेत जातात. कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. ते चालवल्याशिवाय एकही गाणे घालू नये. दुसरे, जुनी बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोकदार वस्तू लावू नये. ती पेट घेते, आणि शिवाजी पेठेतल्या माडीवरच्या लाकडी तक्तपोशीखाली तसले प्रयोग बरे नव्हेत.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'पोरांनो, खिशात फोन असताना हे खूळ कशाला?' प्रश्न रास्त आहे. फोनवर लाखो गाणी आहेत आणि ती आपल्याला जवळजवळ फुकट मिळतात. पण ती आपली नाहीत. ती भाड्याच्या खोलीत राहतात आणि घरमालक कंपनी आहे. मार्च २०२३ मध्ये परवान्याचे भांडण झाले आणि झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एका दिवसात गायब झाली. ज्यांनी आवडीने याद्या लावून ठेवल्या होत्या त्यांच्या याद्यांत नुसती राखाडी नावे उरली. २०२४ मध्ये एअरटेलने 'विंक' हे सबंध दुकानच बंद केले. यात कायद्याने कोणाचे चुकले असे मी म्हणत नाही. भाडेकराराच्या अटी आपणच न वाचता मान्य केलेल्या असतात. एवढेच म्हणतो की, जी वस्तू आपल्याला न विचारता नेली जाते ती आपली मानून तिच्यावर जीव लावू नये.

माझ्या मामाकडे सारेगामाचा 'कारवां' आहे. २०१७ साली तो निघाला तेव्हा आमच्या गल्लीत तीन घरांत आला. पाच हजार हिंदी गाणी कंपनीनेच आत भरून दिलेली, बटण दाबावे आणि ऐकावे. म्हाताऱ्या माणसांना त्याने मोठे सुख दिले आहे, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण त्या पाच हजारांत माझ्या आजीच्या ओव्या नाहीत.

या ओव्यांमुळेच मी या उद्योगात पडलो, हे इथे सांगायला हवे. माझी आजी जात्यावर बसून म्हणत असे त्या ओव्या मामाने १९८० नंतरच्या कुठल्याशा दिवाळीत एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरल्या. ओव्यांमध्ये जात्याची घरघर आहे, मध्येच कुणाला तरी 'दार लाव गं' म्हटलेले आहे, एका ठिकाणी कोंबडा आरवतो. आजी आज नाही. जगात तिच्या आवाजाची ही एकच प्रत आहे आणि ती फुलस्केप वहीच्या कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली होती. ही ओवी कुठल्याही कंपनीच्या यादीत येणार नाही, कारण तिला गिऱ्हाईक आम्ही सात-आठ माणसे. म्हणून ती जिथे राहील ती जागा आमच्या मालकीची पाहिजे, आणि ती जागा बिघडली तर आमच्या हाताने दुरुस्त होणारी पाहिजे. माझे सगळे म्हणणे खरे तर एवढ्यात आले. पण संपादकांना पाने भरून हवी आहेत आणि मलाही अजून बोलायचे आहे.

कोल्हापूरला गाणे हरवण्याचा अनुभव नवा नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली वारले. त्यांच्या हयातीत ग्रामोफोनचा धंदा भरभराटीत होता. त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या निघाल्या. पण जयपूर-अत्रौली गायकीचा हा जो मूळ झरा, त्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांचे गाणे कसे होते हे आपण केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यांवरून ताडायचे. देवल क्लबच्या बाजूला गेलो की मला हटकून हे आठवते. केसरबाईंनाही तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवायचा. मेमरी किती आहे यावर गाणे किती उरणार हे ठरते, ही गोष्ट आपल्या गावाला कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या आधी ठाऊक होती.

याच केसरबाईंचे भैरवीतले एक ध्वनिमुद्रण १९७७ साली अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेले, हे आपण शाळेत ऐकलेले असते. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीबद्दलची एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. तबकडीबरोबर ती वाजवायची सुई पाठवलेली आहे आणि वेष्टनावर सुई कुठे ठेवावी, तबकडी किती वेगाने फिरवावी, हे आकृत्यांनी कोरलेले आहे. ज्या परक्याची भाषा, डोळे, हात काहीच माहीत नाही त्याच्यावर एवढा विश्वास! आणि इथे दुकानात रोख पैसे मोजून घेतलेल्या डब्याला पृथ्वीवरच्या गिऱ्हाइकासाठी एक स्क्रूसुद्धा ठेवलेला नसतो.

कॅसेटचा काळ या बाबतीत फार उदार होता. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट काढली आणि पुढच्या वीसेक वर्षांत ती आपल्या भजनी मंडळांपर्यंत पोहोचली. टेप गुंतली की षट्कोनी पेन्सिल भोकात घालून ती गुंडाळता येत असे. ही दुरुस्ती माझी आई स्वयंपाक करता करता करायची. मागची प्लॅस्टिकची जीभ मोडली की कॅसेट पुसली जात नसे, आणि मन बदलले तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावून पुन्हा भरता येत असे. काय राखायचे, काय पुसायचे, हा अधिकार घरातल्या माणसाच्या बोटांत होता. चांगल्या कॅसेटला पाच स्क्रू असत, ती उघडून टेपचा तुटलेला तुकडा जोडता येई. स्वस्त कॅसेटी मात्र चिकटवून बंद केलेल्या. आज पाहावे तर महागातली महाग वस्तू चिकटवलेली येते.

यावर जगात कुठेच विचार चाललेला नाही असे नाही. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपात २०२३ साली कायदा झाला, त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता यावी लागणार आहे. पण हक्क कागदावर आला तरी झाकण उघडणारा हात लागतोच, आणि तो हात आपण कलाशाखेवाल्यांनी खिशात घालून ठेवला आहे.

'हे सायन्सवाल्यांचे काम' असे स्टाफरूममधून ऐकू आले, त्याबद्दल थोडे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. आपण रोज त्याला वळसा घालून जातो. ज्या बाबूराव पेंटरांची ते आठवण देते ते काही इंजिनिअर नव्हते. आडनाव मेस्त्री, धंदा नाटकांचे पडदे आणि चित्रे रंगवण्याचा. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, तो विलायतेहून आणायला पैसे नाहीत, म्हणून बंधू आनंदरावांनी खटपट आरंभली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने कॅमेरा पुरा केला आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'चा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. हेच दामले पुढे 'प्रभात'मध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळू लागले. पडदे रंगवणारा माणूस आधी कॅमेऱ्यात आणि मग ध्वनियंत्रात हात घालतो, कारण त्याला काहीतरी दाखवायचे आहे, ऐकवायचे आहे. यंत्र त्यासाठी आहे. काय ऐकवायचे हे ज्याला ठाऊक तोच ते उघडण्याचा खटाटोप करतो. बरे, अडलेच तर उद्यमनगर आहे. जगातला कुठलाही भाग लेथवर काढून देऊ म्हणणारे कारागीर ज्या गावात आहेत, तिथल्या मुलांनी 'कंपनीच देईल तेव्हा' म्हणत बसावे हे मला तरी शोभत नाही असे वाटते.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवून गेला. आमचे एक सर म्हणाले, 'अरे, एवढी जागा करून ठेवलीस, आता ऐकणार कधी?' हिशेब करून पाहिला. काहीही दाबून न टाकता, सीडीच्या दर्जाने आवाज भरला तर मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. साठ मिनिटांची एक कॅसेट म्हणजे ६०० एमबी. पहिल्या ५ जीबीच्या आयपॉडमध्ये अशा आठ कॅसेटी मावल्या असत्या; २५६ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात सव्वाचारशे मावतात. सव्वाचारशे तास! गॅदरिंग, परीक्षा आणि रंकाळ्यावरची संध्याकाळ सांभाळून ते कधी ऐकणार? यंत्रालासुद्धा हा प्रश्न पडतो. आत दोन मेमऱ्या असतात: एक गाणी ठेवण्याचे कोठार, दुसरी चालू कामाची. २००५ सालच्या ३० जीबीच्या यंत्रात ही दुसरी मेमरी फक्त ३२ एमबी आहे आणि सबंध गाण्यांची सूची तिच्यात उलगडावी लागते. कोठारात गाणी वाढवत गेले की एका मर्यादेनंतर सूची मावेनाशी होते आणि यंत्र अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गोदाम वाढवले, मुनीम तोच. ही दुसरी मेमरी वाढवायची तर बोर्डावरची चिप उतरवून दुसरी चढवावी लागते. ते काम आमच्या आवाक्यातले नाही.

तेव्हा सरांचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. डाऊनलोड करता येते म्हणून कोठार भरणाऱ्यांतला मी नाही. पण ऐकणे आणि राखणे ही दोन कामे आहेत. ग्रंथालयातली सगळी पुस्तके आपण वाचत नाही, म्हणून कपाटे कमी करा असे सरही म्हणणार नाहीत. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. 'पारी' हे संकेतस्थळ २०१७ पासून त्या लोकांसमोर आणत आहे. ते सगळे तास कोणी सलग ऐकले असतील असे वाटत नाही. पण उद्या मुळशीतली एखादी नात आपल्या आजीचा आवाज शोधत आली तर तो आहे. शंभर तासांना ६० जीबी पुरतात.

कायद्याचेही कोणी विचारले, म्हणून एक ओळ: १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला, अभ्यासाला रास्त मुभा आहे आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. बाजारातल्या कॅसेटींच्या प्रती काढून वाटण्याचा आमचा विचार नाही. घरी भरलेले आवाज आधी.

आणि ते आपल्या पेठेत पुष्कळ आहेत. तालमीच्या गणपतीपुढचे पोवाडे, भजनी मंडळांच्या एकादशीच्या रात्री, लग्नातले मंगलाष्टक, आपल्या कॉलेजच्या जुन्या गॅदरिंगच्या नाटकांचे प्रयोग. हे सगळे माळ्यावर पत्र्याच्या डब्यांत पडून आहे. कोल्हापूरचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट पुसून स्वच्छ न करता डेकमध्ये घातली की तिचाही सत्यानाश आणि डेकचाही. दर पावसाळ्यागणिक काही आवाज कमी होत आहेत आणि त्यांची नोंद कुठेही होत नाही.

कॅसेट उतरवून घेण्याला घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. डेकची वायर संगणकाला लावायची, एक बाजू संपेपर्यंत बसायचे, मग दुसरी. आमची सोबत आयपॉडची असते, कारण उतरवलेले लगेच त्यात घालून ज्याची कॅसेट त्याला तिथेच ऐकवता येते. मागच्या महिन्यात एका भजनी मंडळाचे म्हातारे मृदंगवादक आले होते. त्यांनी कानाला हेडफोन लावून स्वतःचीच चाळीस वर्षांपूर्वीची थाप ऐकली आणि म्हणाले, 'हितं जरा घाई झाली बघ माझी.' एवढे म्हणून पुन्हा ऐकू लागले.

ग्रंथालयामागची छोटी खोली शनिवारी दुपारी दोननंतर वापरायला परवानगी मिळाली आहे. डेक एकाच्या काकांनी दिला आहे, त्याचा पट्टा बदलला आहे. तीन आयपॉड तयार आहेत, चौथ्याची पाठ अजून सुटत नाही. ज्यांच्याकडे घरच्या कॅसेटी असतील त्यांनी त्या वर्षाचा, माणसांचा, प्रसंगाचा जेवढा तपशील माहीत असेल तेवढा एका चिठ्ठीवर लिहून आणाव्यात. मृगाआधी जेवढ्या होतील तेवढ्या करू. पाच स्क्रूच्या कॅसेटी आधी घेऊ, चिकटवलेल्या मागाहून. त्यांना वेळ लागतो.